व्हिस्कीतल्या प्रत्येक वासाला पत्ता असतो

मी 21 वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांचा सगळ्यात लाडका प्रयोग एस्टरचा, म्हणजे अल्कोहोल आणि आम्ल यांच्यापासून बनणाऱ्या सुवासिक संयुगाचा. परीक्षानळीत आयसोअमाइल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल घ्यायचं, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकायचे, नळी काही मिनिटं गरम पाण्यात धरायची आणि मग सगळं सोड्याच्या पाण्यात ओतायचं. फसफसणं ओसरलं की प्रयोगशाळाभर पिकलेल्या केळ्याचा घमघमाट. नळीत केळं कधीच नव्हतं, हे लक्षात आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी मी तो प्रयोग दरवर्षी स्वतः करून दाखवायचे.

तोच वास मला पुढे एका व्हिस्कीच्या ग्लासात भेटला. तोवर व्हिस्की म्हणजे घसा जाळणारं तपकिरी पाणी, एवढीच माझी समजूत होती. त्या संध्याकाळी मी ग्लास बाजूला ठेवला, वही काढली आणि लिहिलं, 'केळं. कुठून आलं?' या प्रश्नाचा माग काढता काढता मला व्हिस्की कळत गेली. आजही कोणी विचारलं की व्हिस्की समजून घ्यायची कशी, तर मी हाच रस्ता सांगते. यातल्या प्रत्येक वासाला पत्ता असतो. धान्य, धूर, यीस्ट, तांबं, लाकूड, यांपैकी कुठल्या तरी घरी तो जन्मलेला असतो. आधी वास पकडायचा, मग त्याचं घर शोधायचं.

आधी नाक तयार करा

ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा हवा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो आणि मद्यार्काचा भपकारा तेवढा उरतो. 15 ते 20 मिलीलीटर व्हिस्की पुरते. शिकायला त्याहून जास्त लागत नाही, उलट जास्त घेतली की नाकच आधी थकतं.

फुलाचा वास घेतो तसं ग्लासात नाक खुपसून खोल श्वास घेऊ नका. प्रयोगशाळेचा पहिला नियम इथेही लागू आहे: बाटलीला थेट नाक लावायचं नाही, अंतरावरून हलकेच हुंगायचं. 40 टक्के मद्यार्काची वाफ एकदम आत गेली की नाक बधिर होतं आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं वाया जातात. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, तोंडाने आणि नाकाने एकदमच श्वास घ्या. मग ग्लास हळूहळू वर आणा. एकदा डाव्या नाकपुडीने हुंगा, एकदा उजव्या. दोन्ही नाकपुड्यांतून हवा सारख्या वेगाने जात नसते, त्यामुळे कधी कधी दोन वेगळेच वास हाती लागतात.

जे सुचेल ते लिहा. पेन्सिल तासल्यावर निघणारी साल, ओली राख, पावसात भिजलेली लोकर, दवाखान्यातलं बँडेज, जुन्या पुस्तकाचं पान, काहीही. बाटलीवरच्या वर्णनातले शब्द उचलू नका. तुमच्या नाकाची आठवण तुमची असते आणि पुढच्या वेळी तोच वास ओळखायला तीच कामी येते.

धान्य आणि धूर

माल्ट व्हिस्कीची सुरुवात बार्लीने, म्हणजे जवाने होते. जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीत वाळवतात. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात, आणि पिठूळ स्टार्चची साखर करायचं काम तीच पुढे करणार असतात. मोड आलेला वाळका दाणा, म्हणजे माल्ट, चावून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. साधा जव दाताखाली दगडासारखा लागतो, हा कुरकुरीत, ठिसूळ आणि गोडसर लागतो. ग्लासात बिस्किटाचा, भाजलेल्या धान्याचा वास आला की त्याचा पत्ता हा.

धुराचा पत्ताही इथलाच आहे. धुराचा वास जळक्या पिंपातून येतो असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर अमेरिकेची बर्बन व्हिस्की सगळ्यात धुरकट लागायला हवी होती, कारण ती आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या पिंपातच मुरते. खरा धूर येतो पीटमधून. दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींचा हा मातकट थर कापून, वाळवून जाळतात. ओला माल्ट त्या धुरावर वाळला की धुरातली फिनॉलं, म्हणजे उग्र वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात. फिनॉलची बाटली ज्याने उघडली आहे, त्याला स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरची लाफ्रोएग किंवा आर्डबेग हुंगताच ओळख पटेल. जंतुनाशक, आयोडीन, डांबर, आणि मागे विझत आलेली शेकोटी.

धुराचा आकडा 'पीपीएम'मध्ये सांगतात, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल किती भाग. आर्डबेगच्या माल्टचा आकडा 55 च्या आसपास असतो, ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर या व्हिस्कीच्या बऱ्याच आवृत्त्यांत तो 100 च्या पुढे जातो. हा आकडा माल्टचा असतो, बाटलीचा नव्हे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर फिनॉल गळत जातं, म्हणून नुसत्या आकड्यावरून व्हिस्की किती धुरकट लागेल याचा अंदाज बांधू नका.

केळं सापडलं ते इथे

माल्ट भरडून गरम पाण्यात घालतात. पाणी साधारण 63 ते 64 अंश सेल्सियस. त्याहून फार गरम झालं तर विकरं मरतात, गार राहिलं तर त्यांचं काम रेंगाळतं. गोड पाणी निथळून घेतात, ते थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. दोन ते चार-पाच दिवसांत 7 ते 9 टक्के मद्यार्काची एक आंबूस बिअर तयार होते.

यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेवढ्याच काळात ते एस्टरही बनवतं. माझ्या परीक्षानळीतलं केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट इथे कोणी न सांगता, सल्फ्युरिक आम्लाशिवाय, एका पेशीच्या आत तयार होतं. केळं, सफरचंद, पेअर, अननस, व्हिस्कीतल्या ताज्या फळांचा मोठा वाटा या लाकडी किंवा स्टीलच्या उंच टाक्यांमधला आहे. आंबवण जास्त दिवस चाललं की लॅक्टिक आम्लाचे जिवाणूही कामाला लागतात आणि वास आणखी फळाळ होतो. उत्पादकांनी किती तास आंबवलं हे बाटलीवर क्वचितच छापतात, याची मला खरोखर खंत वाटते. वयाच्या आकड्याहून ती माहिती मला जास्त उपयोगी पडली असती.

पहिल्या धारेची बाजूला

आपल्याकडे एखादी गोष्ट अस्सल आणि कडक असली की आपण म्हणतो, पहिल्या धारेची. व्हिस्की गाळणारा मात्र पहिली धार घेत नाही.

मी इस्लेवर एका डिस्टिलरीत हे जवळून पाहिलं. तांब्याच्या दोन भांड्यांतून गाळप होतं. पहिल्या भांड्यातून 21 ते 25 टक्क्यांच्या आसपासचा कच्चा द्रव निघतो, तो दुसऱ्यात जातो. मद्यार्क 78.3 अंशांना उकळतो, पाणी 100 ला, म्हणून मद्यार्काची वाफ आधी आणि जास्त वर चढते. दुसऱ्या भांड्यातून येणारी धार पितळी चौकटीच्या, काचेच्या, कुलूपबंद पेटीतून वाहते. तिला स्पिरिट सेफ म्हणतात. आत हात घालता येत नाही, सगळं बाहेरच्या दांड्यांनी चालवायचं. गाळणाऱ्या माणसाने धारेचा थोडा भाग पेटीतल्याच काचपात्रात वळवला आणि त्यात पाणी सोडलं. द्रव धुरकट पांढुरका झाला. त्याने मान हलवली आणि धार परतीच्या टाकीकडेच जाऊ दिली. काही मिनिटांनी पुन्हा पाणी, पुन्हा पांढुरकेपण, पण फिकट. तिसऱ्या खेपेला पाणी पडलं आणि द्रव काचेसारखा नितळच राहिला. त्याच क्षणी त्याने दांडी फिरवली आणि धार चांगल्या मालाच्या टाकीकडे वळली. आधीच्या गाळपात नळ्यांना चिकटून राहिलेली तेलकट रसायनं पहिल्या धारेबरोबर धुऊन येतात आणि पाणी घातलं की त्यांचे सूक्ष्म थेंब वेगळे होतात, एवढंच ते शास्त्र. पण तो दांडी फिरवण्याचा क्षण पाहताना मी श्वास रोखून धरला होता.

मधली धार ठेवतात, शेवटची पुन्हा बाजूला. ती कुठे तोडायची यावर व्हिस्कीचा स्वभाव ठरतो. फळांचे हलके वास आधी येतात. धुराची फिनॉलं, चामड्यासारखे जड वास उशिरा. धूर हवा असेल त्याला जास्त वेळ थांबावं लागतं. भांड्याची मानही बोलते: ग्लेनमोरँजी डिस्टिलरीच्या भांड्यांच्या माना पाच मीटरांहून उंच आहेत, तिथे जड वाफा वाटेतच थंड होऊन माघारी फिरतात आणि हलकी, नाजूक वाफ वर पोचते. तांबं गंधकाची संयुगं पकडून ठेवतं. ग्लासात विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास आला तर समजा, एक तर तांब्याशी सहवास कमी पडला किंवा पुढच्या पिंपाने गंधक आणलं.

गाळप घरी करून बघायची गोष्ट नाही. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि बंद खोलीत मद्यार्काची वाफ भडकायला एक ठिणगी पुरते.

स्तंभासारख्या उंच यंत्रातून अखंड गाळप करायची दुसरी पद्धतही आहे. आयर्लंडमध्ये अबकारी अधिकारी राहिलेल्या इनियस कॉफीने 1830 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मका, गहू अशा धान्यांची हलकी ग्रेन व्हिस्की त्यातून निघते आणि ब्लेंडचा, म्हणजे मिश्र व्हिस्कीचा, पाया तीच असते.

पिंप

गाळलेला माल पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग, व्हॅनिला, नारळ, लवंग, मनुका हे सगळं नंतर, लाकडाकडून येतं. ओकमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ, मोडलं की व्हॅनिलिन मिळतं. अमेरिकी ओकमध्ये लॅक्टोन जास्त, त्यांचा वास ताज्या नारळाचा. लवंगेचा वास युजेनॉलचा, जे लवंगेतही असतं. पिंपाच्या आतला जळका थर गंधक शोषून घेतो, म्हणजे पिंप देतं तसं काढूनही घेतं.

अमेरिकी कायद्याने बर्बन दरवेळी नव्याच पिंपात भरावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं ढिगाने मोकळी होतात आणि स्कॉटलंड, आयर्लंडपासून जगभर जातात. 200 लीटरच्या या पिंपातल्या व्हिस्कीला व्हॅनिला, मध, नारळाची बाजू असते. स्पेनच्या शेरी वाइनने मुरलेल्या 500 लीटरच्या पिंपातून मनुका, सुकं अंजीर, अक्रोड येतात. बाटलीवर या दोन्हींपैकी काय लिहिलं आहे ते आधी बघा. अर्धी ओळख तिथेच होते.

स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. उष्ण प्रदेशात हाच वाटा कितीतरी मोठा असतो, आणि लाकूडही झपाट्याने उतरतं. म्हणून तिथल्या पाच वर्षांची स्कॉटलंडच्या पाच वर्षांशी तुलना करू नका. तीच गोष्ट मोठ्या वयाची. मी एकदा बरेच दिवस पैसे साठवून 25 वर्षं मुरलेली एक बाटली घेतली. नाकाशी नेली तर लाकूड, लाकूड आणि कडवट लाकूड. फळं, धान्य, यीस्टची सगळी मेहनत त्याखाली गाडली गेली होती. वय म्हणजे पिंपात काढलेला काळ, गुण नव्हे, हे मी तेव्हा शिकले.

लेबल कसं वाचायचं

स्कॉचचे नियम सगळ्यात स्पष्ट आहेत, म्हणून त्यांपासून सुरुवात करा. 2009 च्या नियमावलीप्रमाणे स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली, 700 लीटरहून मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात तिथेच किमान 3 वर्षं मुरलेली आणि निदान 40 टक्के मद्यार्काची असावी लागते. तिच्यात पाणी आणि साधा कॅरॅमल रंग याशिवाय काही घालता येत नाही. म्हणूनच गडद रंगावर भाळू नका, तो रंग कदाचित पिंपाचा नसेलही.

प्रकार पाच. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची, भांड्यात गाळलेली. 'सिंगल'चा अर्थ एक पिंप असा नाही, शंभर पिंपं एकत्र करूनही ती सिंगलच राहते. सिंगल ग्रेन हीसुद्धा एकाच डिस्टिलरीची, पण तिच्यात इतर धान्यंही चालतात. ब्लेंडेड माल्टमध्ये दोन किंवा जास्त डिस्टिलऱ्यांची माल्ट, ब्लेंडेड ग्रेनमध्ये तशाच ग्रेन, आणि ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्ट आणि ग्रेन यांचा मेळ. ब्लेंड ही दुय्यम, ही समजूत मनातून काढून टाका. पन्नास वेगवेगळे वास जुळवून दरवर्षी तोच वास पुन्हा उभा करणाऱ्या माणसाच्या नाकाबद्दल मला नितांत आदर आहे.

वयाचा आकडा सगळ्यात तरुण थेंबाचा असतो. 12 लिहिलं असेल तर आत 20 वर्षांचाही माल असू शकतो, 11 वर्षांचा नाही.

प्रदेशांची नावं, म्हणजे हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कँबेलटाउन आणि इस्ले, ही पत्ता म्हणून वाचा, चव म्हणून नको. इस्लेवरच्याच बुनाहावेन डिस्टिलरीची बहुतेक व्हिस्की बिनधुराची असते.

आयर्लंडमध्येही 3 वर्षांची अट आहे. तिथली खास ओळख पॉट स्टिल व्हिस्की. त्यात माल्ट केलेला आणि न केलेला असे दोन्ही जव निदान 30-30 टक्के असतात. कच्च्या जवामुळे तोंडात तेलकट, मसालेदार जाडी येते. एकदा ओळखलीत की विसरणार नाही.

बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, किमान 51 टक्के मका, नवं जाळलेलं ओकचं पिंप. ती केंटकीतलीच असायला हवी असं नाही. 'स्ट्रेट' म्हणजे किमान 2 वर्षं मुरलेली. 'बॉटल्ड इन बाँड' दिसलं तर मी थांबून बघते. 1897 च्या कायद्याने आलेला हा शिक्का सांगतो की माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा, किमान 4 वर्षं मुरलेला आणि 50 टक्क्यांचा आहे. एवढी पारदर्शक ओळ लेबलवर क्वचितच मिळते. राय व्हिस्कीत मक्याच्या जागी किमान 51 टक्के राय नावाचं धान्य, वासात काळी मिरी आणि सुकं गवत. जपानमध्ये यामाझाकी डिस्टिलरीची उभारणी 1923 मध्ये सुरू झाली. तिथले उत्पादक आता आपल्या संघटनेच्या नियमांप्रमाणे गाळप, 3 वर्षं मुरवणं आणि बाटलीबंद करणं हे सगळं जपानमध्ये झालं तरच जपानी व्हिस्की म्हणतात.

आणखी दोन शब्द. 'कास्क स्ट्रेंथ' म्हणजे पिंपातून काढली तशी, बहुधा 50 ते 60 टक्क्यांची. 'नॉन चिल फिल्टर्ड' म्हणजे थंड करून बारीक गाळणीतून काढलेली नाही. अशी काढली की गार झाल्यावर व्हिस्की ढगाळत नाही, पण त्याबरोबर तोंड भरून टाकणारे थोडे तेलकट एस्टरही जातात. पर्याय असेल तर मी अशा गाळणीतून न काढलेली, 46 टक्क्यांच्या वरची घेते.

पाणी, बर्फ आणि घोट

पहिला घोट इवलासा. तो मद्यार्काची सवय करून देण्यासाठी, त्यावरून काही ठरवू नका. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. घशातून नाकात चढणारा तो वास म्हणजे चवीचा मोठा भाग. धूर तिथे परत येतो, लवंग तिथे येते.

मग पाणी. ड्रॉपरने मोजून तीन थेंब टाका आणि ग्लास प्रकाशाकडे धरा. कास्क स्ट्रेंथ असेल तर पाण्याच्या आणि व्हिस्कीच्या सीमेवर तेलासारख्या वळणदार रेषा उतरताना दिसतील. मी दरवेळी बघते, मन भरत नाही. पुन्हा हुंगा. अनेकदा आत दडलेलं फळ वर आलेलं असतं. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली उभ्या करून दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू पातळ द्रावणात पृष्ठभागाशी जमतो आणि मद्यार्क जास्त असेल तेव्हा आत गुंतून राहतो. पृष्ठभागाशी आलेला रेणूच नाकापर्यंत पोचतो. तेव्हा पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान असं कोणी म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करा. ब्लेंड जुळवणारे लोक 20 टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात. बर्फ मात्र शिकताना नको. थंडीने वास दबतात. नंतर, निव्वळ आनंदासाठी घेताना, काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

एका बैठकीत दोन, फार तर तीन व्हिस्की. बिनधुराची आधी, धुराची शेवटी, नाहीतर धूर बाकीच्यांना बोलू देत नाही. मध्ये पाणी प्या, आणि नाक थकलं तर स्वतःच्याच मनगटाचा वास घ्या. बाटली उभी ठेवा, कारण आडवी ठेवली तर मद्यार्क बुचाला खातो. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, पण अर्ध्याखाली गेलेली बाटली हवेने हळूहळू मवाळ पडते, ती काही महिन्यांत संपवलेली बरी.

आणि ग्लास त्याच रात्री धुऊ नका. मद्यार्क आणि फळांचे वास हलके, ते रात्रीत उडून जातात. जड रेणू काचेला चिकटून राहतात. सकाळी रिकामा, कोरडा ग्लास नाकाशी धरा. बर्बनच्या पिंपातली असेल तर व्हॅनिला आणि लाकडाचा भुसा. शेरीची असेल तर सुकामेव्याच्या डब्याचा तळ. आज सकाळी माझ्या ग्लासात विझलेल्या शेकोटीची राख होती, थोडं डांबर, आणि त्यामागे अगदी पुसट, कुणीतरी फिनॉलची बाटली नुकतीच बंद केल्यासारखं काहीतरी. वहीत तेवढं लिहिलं आणि मग ग्लास धुतला.